शिंगांवर जाऊ नका

टेक्सासमधल्या अर्विंगच्या मराठी मंडळाचं नाटक असलं की रंगपट नंदू देवस्थळेच्या ताब्यात. दिवसा टेलिफोन कंपनीत इंजिनिअर. संध्याकाळी पंचविशीच्या विवेकचा सत्तरीचा आजोबा करून सोडायचा. पांढरी दाढी चिकटवताना बजावायचा, "हिच्यावर विसंबू नकोस, यार. म्हातारपण पाठीत असतं, गुडघ्यांत असतं."

हीच नजर घेऊन तो दर हिवाळ्यात शेजारच्या अर्लकाकांबरोबर मचाणावर जाई. अर्ल म्हणजे सत्तरी उलटलेले तिथले जुने शिकारी. 'काका' नंदूनेच जोडलेलं, आणि त्यांनी ते आनंदाने मिरवलेलं. त्यांचा नियम एकच: पाच वर्षांखालचा नर मारायचा नाही. हरीण पडल्यावर दाढांची झीज बघून वय कळतं, पण तेव्हा कळून उपयोग काय? काकांना बारकावे दिसेनासे झाल्यापासून वय आधीच ओळखण्याचं काम नंदूकडे आलं होतं.

"मांस खात नाहीस, बंदुकीला हात लावत नाहीस," वसुधा डबा भरता भरता म्हणायची, "मग जातोस कशाला?"

"विंगेत कोणीतरी लागतंच ना."

१९८६चा सीझन काकांचा शेवटचा. थँक्सगिव्हिंगनंतर लेक त्यांना ह्यूस्टनला कायमचं नेणार होती. त्यांनी रिकाम्या हातांनी जाऊ नये, असं नंदूला फार वाटत होतं.

उजाडताना झुडपांतून पांढऱ्या शेपटीचा एक नर बाहेर आला आणि नायकाच्या थाटात थबकला. डोक्यावर शिंगांचा मुकुटच. तेवढा काकांनाही दिसला. बंदूक खांद्याला लागली.

"पाचाचा आहे ना रे?" ते पुटपुटले.

नंदूने दुर्बीण लावली. माजाच्या दिवसांमुळे मान फुगली होती, तरी छातीपासून वेगळी दिसत होती. म्हाताऱ्या नराची पाठ खोलगट होते, पोट सुटतं, पाय आखूड वाटू लागतात. याची पाठ सरळ, पोट वर ओढलेलं, पाय लांबसडक.

"हो" म्हटलं असतं तर काकांचं मन भरलं असतं. पण नंतर दाढा तेच चाचपणार होते. आणि मग त्याला दोष न देता, हसून "असू दे" म्हणणार होते. ते हसू नंदूला सोसलं नसतं.

"शिंगांवर जाऊ नका, काका. तिनाचा आहे."

"नीट बघ."

"बघितलं. पोरगा आहे हो."

काकांनी सावकाश बंदूक खाली घेतली, काडतूस काढून खिशात टाकलं. नर चरत चरत पुढे सरकला.

"पाचाचा झाल्यावर कसा दिसेल? मी काही तेव्हा इथे नसेन."

नंदू उठला. त्या वीतभर मचाणात मान छातीत घातली, पाठ मधोमध दाबली आणि जड पावलांनी चालू लागला. फळ्या करकरल्या.

"हळू," काका म्हणाले, "पळून जाईल तो."

"जाऊ दे की. आता कुठे मारायचाय?"

काका टोपी मागे सारून निरखत होते. "पोट अजून सोड," ते म्हणाले. "हं. आता परत ये."