एटीकेटी दादाचा ताळा

एटीकेटी दादानं मला एकाही गणिताचं उत्तर कधी सांगितलं नाही. बरोबर की चूक, एवढंसुद्धा नाही. वही पुढं केली की तो आधी उत्तराकडं बघायचा, मग माझ्याकडं बघायचा आणि विचारायचा, "गोणपाटात टाकलीस का?"

हे गोणपाट त्यानं चाकूरजवळच्या आपल्या गावाहून आणलेलं, अर्थात बोलण्यातून. तिकडं घरचं सोयाबीन पेरायच्या आधी थोडे दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडून गुंडाळून ठेवतात. किती उगवतात ते बघतात आणि मगच ते बियाणं रानात नेतात. गणिताचं उत्तरही त्याच्या लेखी बियाणंच होतं. आलेली किंमत समीकरणात परत घालायची, दोन्ही बाजू जुळतात का तो ताळा बघायचा, मगच उत्तराखाली रेघ मारायची.

विष्णुपुरीत आमच्या घराची माडीवरची खोली त्याला भाड्यानं दिलेली होती. इंजिनिअरिंगचं बाकी सगळं पार पडलं होतं, बरोबरची पोरं नोकऱ्या धरून पुण्याला गेली होती आणि हा दुसऱ्या वर्षाच्या गणिताच्या एकाच राहिलेल्या पेपरापायी, एटीकेटीवर अडकून बसला होता. नाव आम्ही पोरांनीच ठेवलेलं. तोंडावर नुसतं दादा म्हणायचो, पण त्याला ते ठाऊक होतं. एकदा नळाला पाणी आलं म्हणून हाक मारायला गेले, तर आतूनच म्हणाला, "एटीकेटी जागा हाय, बोल." आईला मात्र त्याचं नवल वाटायचं. "ज्याचा सोताचा गणिताचा पेपर निघंना, त्यो माझ्या पोरीला गणित शिकवायलाय!" असं म्हणत ती त्याच्यासाठी भाजीची वाटी माझ्याच हाती वर पाठवायची.

मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. खाली बसलेला एक्स मला या बाजूचा त्या बाजूला नेता यायचा. पण घातांकात, वर चढून बसलेला एक्स खाली कसा उतरवायचा, हे काही केल्या कळेना. दोनाचा एक्सवा घात बरोबर सोळा, असं पहिलंच गणित होतं. मी सोळाला दोनानं भागलं आणि एक्स बरोबर आठ लिहून मोकळी झाले.

"टाक गोणपाटात," दादा म्हणाला.

दोनाचा आठवा घात काढला, तर दोनशे छप्पन्न आले.

"सोळाच्या जागी दोनशे छप्पन्न! एवढं उगवत असतं तर माझ्या बापानं चाकुरात बंगला बांधला असता. त्यो गुणाकार न्हाई गं. दोनाला दोनानंच किती बारी गुणलं म्हंजे सोळा होतेत, तेवढं विचारायलेत. सोळाला पण दोनाच्याच घातात लिही की." मी दोनाचा चौथा घात लिहिला. "आता खाली पाया दोन्हीकडं सारखा झाला का? मंग वरचे दोघं येगळे कसे असतील?" यापुढं त्याला काही सांगावं लागलं नाही.

पाया सारखा करायला मी शिकले, पण पुढं दुसरीच चूक करू लागले. एका बाजूला चाराचा एक्सवा घात, दुसऱ्या बाजूला आठाचा एक्स वजा एकवा घात. चार आणि आठ दोघांनाही मी दोनाच्या घातात आणलं, मोठ्या ऐटीत दोन एक्स बरोबर तीन एक्स वजा एक असं लिहिलं आणि एक्सची किंमत एक काढली. परत घालून बघितलं, तर एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला एक.

"चार बरोबर एक तर आमच्या बाजारात बी होत न्हाई," दादा म्हणाला. मग त्यानं गणितातल्या एक्स वजा एकच्या कंसावर बोट ठेवलं. "हितं पंगत बसलीय. तीन वाढायला घेतलीस, एक्सला वाढलीस आन् शेजारच्या एकाला उपाशी ठेवून पुढं गेलीस. त्यो उठून जाईल न्हाई तर काय करंल?" मी वजा एकाच्या पानातही तीन वाढले. एक्स तीन आला आणि दोन्हीकडं चौसष्ट झाले. त्यानंतर कंस उघडताना मी कुणाला उपाशी ठेवलेलं नाही.

असा माणूस गणितात नापास कसा होतो, हे मी त्याला एकदा विचारलंच. तो अजिबात रागावला नाही. म्हणाला, "म्या लिहिलेलं सगळं बरोबर असतंय. लिहिणंच कमी होतंय." तीन तासांच्या पेपरात प्रत्येक उत्तराचा ताळा बघत बसल्यावर दुसरं काय होणार? पाच प्रश्नांपैकी निम्मे होईपर्यंत घंटा व्हायची आणि हा हातात पेन धरून तसाच बसलेला असायचा. "उत्तर खरं हाय का न्हाई हे न बघता पुढं जायला मला भ्या वाटतंय," असंही तो एकदा म्हणाला.

उन्हाळ्यात त्याचे वडील, अण्णा, तुरीची डाळ घेऊन आले. नियमाप्रमाणे आता त्याची शेवटचीच संधी उरली होती. अण्णा चढ्या आवाजात बोलले असते तर बरं झालं असतं, पण ते चहाची बशी खाली ठेवत अगदी सावकाश म्हणाले, "या बारीला निघाला तर निघाला, बाबा. न्हाईतर मिरगाला घरी ये. पेरणीला माणूस लागतोच." दादा मान हलवून "हाव" म्हणाला. त्या दिवशी आईनं बोलावूनही तो आमच्याकडं जेवायला खाली आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याची मास्तरीण मी झाले. तो जुने पेपर सोडवायचा आणि मी मोबाइलवर वेळ लावून समोर बसायची. उत्तर आलं आणि त्याचा पेन ताळ्याकडं वळला की मी खालचा कागद ओढून घ्यायची. "दादा, पुढचं!" पहिल्या आठवड्यात तो माझ्यावर खेकसायचा. "पाप लागंल तुला, तपासलं न्हाई मी ते!" पुढं खेकसणं थांबलं, पण कागद ओढला की त्याचा चेहरा पडायचा आणि मलाच वाईट वाटायचं.

पेपरावरून आला तो घामेजलेला, पडेल. पाचही प्रश्न सोडवले होते. "शेवटचे दोन तपासलेच न्हाईत," तो पायरीवर बसत म्हणाला. "दोन्ही गेले असतील." त्याचा सदा गंभीर चेहरा आणखीच लांब झाला होता.

निकाल लागला आणि तो पास झाला. अण्णांनी पेढे आणले, आईनं त्याची दृष्ट काढली, मित्रानं पुण्यात एका कारखान्यात त्याचं काम जमवलं. एवढं होऊनही पठ्ठ्यानं विद्यापीठाकडं उत्तरपत्रिकेची प्रत मागितली. पास झालेला माणूस ती कशाला मागेल, असं सगळ्यांनी विचारलं. "चुकलं कुठं ते बघायचंय," एवढंच तो म्हणाला.

ती प्रत त्याच्या मोबाइलवर आली ती नेमकी तो पुण्याला निघाला त्या सकाळी. बॅगा ऑटोत ठेवल्या होत्या, मी निरोप द्यायला जिन्यात उभी होते. तो तिथंच पायरीवर बसला आणि बोटांनी पान मोठं करून बघू लागला. शेवटच्या दोन्ही गणितांना पूर्ण गुण होते. त्याचा तपासणाऱ्यावरही विश्वास बसेना. माझ्याकडून पेन मागून घेतला आणि बसच्या तिकिटामागं दोन्ही उत्तरं परत घालून बघितली. दोन्ही जुळली.

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. दादा उठेना. तिकिटाकडं बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे मला इतके वर्षं येतच होतं की गं."