आबांच्या मशीनचा मान

आमच्या घरात संध्याकाळी गॅसवर दोन पातेली असायची. एकात भात, दुसऱ्यात फण्या आणि कात्र्या. नवखी पाहुणी हमखास चुकीच्या पातेल्यावरचं झाकण उचलायची आणि मग जेवायला नको म्हणायची. मला हसू यायचं. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मात्र राग यायचा. "तुमच्या घरच्या कढईपरीस साफ हाय ते," असं ते तिच्या तोंडावर सांगायचे.

आबांनी उभा जन्म नांदे गावात लोकांची डोकी केली. आधी झाडाखाली, मग पत्र्याच्या टपरीत, आणि शेतांत फ्लॅटचे टॉवर उभे राहिले तेव्हा माझ्या नवऱ्यानं थाटलेल्या आरशांच्या सलूनमध्ये. जागा बदलली, आबा बदलले नाहीत. एक गिऱ्हाईक उठलं की केस कापायच्या हातमशीनची पाती सोडवायची, ब्रशनं केस झाडायचे, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, आणि मगच दुसऱ्या डोक्याला हात लावायचा. ब्लेड प्रत्येकाला नवं. कुणाच्या डोक्यात खवले दिसले, फोड दिसले, की सरळ उठवायचे. "आधी डाक्टरकडं जा, मग माज्याकडं ये." माणसं चिडायची, शिव्या घालायची. आबा ढिम्म.

त्यांची नजर कमी झाली तेव्हा हे उकळणं-पुसणं माझ्याकडं आलं. शेजारी बसून ते आवाजावरून ओळखायचे की पाणी नुसतं तापलंय की खळखळ उकळतंय. "डोळ्याला दिसंल तवर उशीर झाल्याला असतो पोरी," म्हणायचे. लोकांच्या सुनांना सासऱ्यांकडून दागिना मिळतो. मला ही रीत मिळाली आणि मला तिचा अभिमान होता. माझ्या बापापेक्षा मी त्यांच्यावर जास्त माया केली, हे माहेरी कळलं तर वाईट वाटेल, पण खरं तेच आहे.

थंडीत आबा गेले. दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली. कासारसाईची, सूसची, पार पौडाकडची. आमची भावकी म्हणजे घरटी एक दुकान. बहुतेक जण कारागीर, आणि एकेकाच्या पिशवीत चार्जिंगचं भारीतलं मशीन. क्षौर सुरू व्हायच्या आधी थोरले दीर उभे राहिले. ते कासारसाईला असतात. म्हणाले, "आपल्या समद्यांना ह्या धंद्यात आबांनी हात धरून आनलं. आज समदी डोकी आबांच्याच मशीननं व्हतील. त्योच त्यांचा मान." माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. सवयीनं मी आदल्या संध्याकाळी ते मशीन उकळून, पुसून, कोऱ्या फडक्यात बांधून, स्पिरिटच्या बाटलीसोबत पिशवीत घेतलेलंच होतं.

मशीन माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं, कारण शेवटपर्यंत आबा आमच्याजवळ होते. पहिलं डोकं थोरल्या दिरांचं. मग चुलतभाऊ, मग पुतणे, असं वयाप्रमाणं. दिरांचा मुलगा समोर येऊन बसला आणि मी वरच्या कट्ट्यावरून पाहिलं, त्याच्या कानामागं एक गोल चट्टा होता. वर राखेसारखा भुगा, आणि केस मुळाशीच तुटलेले. असे चट्टे आबांनी मला खुर्चीमागं उभं करून दाखवले होते. हे डोक्यातलं गजकर्ण. त्याच्या आईला विचारलं तर म्हणाली, "थंडीचा कोंडा हाय गं."

त्याच्या पाठीमागं नंबर माझ्या मुलाचा होता. सहा वर्षांचा, डोक्यावर रान माजावं तसे दाट केस. आजोबांच्या मशीननं डोकं होणार म्हणून तो कौतुकानं मांडी घालून बसला होता.

बायकांनी खाली जायचं नसतं. मी गेले. पिशवीतली स्पिरिटची बाटली नेली आणि नवऱ्याला म्हणाले, "अहो, भाऊजींच्या पोराला शेवटी घ्या. न्हाईतर दुसऱ्या मशीननं करा. किमान मधी पुसून तरी घ्या." त्यानं तो चट्टा पाहिला होता. आबांचा मुलगाच तो, त्याला न कळायला काय झालं? पण दीर कडाडले, "बापाच्या मशीनला आजच्या दिवशी विटाळ करतीस? लेकराला आजारी ठरवतीस? आरं, आबांच्या मशीननं कवा कुनाला काय झालंय का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि ते खोटंही नव्हतं. त्या मशीननं कधीच कुणाला काही झालं नव्हतं, कारण दर दोन डोक्यांच्या मधे आबा ते पुसायचे. माणसाच्या हाताचं श्रेय या शहाण्यांनी लोखंडाला देऊन टाकलं. तिथं बसलेल्या कितीतरी जणांच्या दुकानात 'प्रत्येकासाठी नवीन ब्लेड' अशी पाटी आहे. एकानंही तोंड उघडलं नाही. भटजी म्हणाले, "आटपा, मला पुढं जायचंय." माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली आणि पुतण्याच्या डोक्यावरून निघालेलं मशीन तसंच आमच्या मुलाच्या डोक्यावर टेकवलं.

केस उगवायला लागले तेव्हा टाळूच्या मागं एक जागा उगवेना. खाज सुटली. मी म्हटलं, डॉक्टरकडं चला. नवरा म्हणाला, "न्हाव्याच्याच पोराच्या डोक्यात गजकर्ण, हे गावात कळलं तर दुकानाची पायरी कोन चढंल?" त्यानं मेडिकलमधून खाजेच्या मलमाची ट्यूब आणली. आमच्या धंद्यात सगळे एकमेकांना तीच सांगतात. तिनं लाली गेली, खाज थांबली, आणि आम्हाला वाटलं बरं झालं. आतून ते पसरतच होतं. मग औषध नीट मुरावं म्हणून त्यानं मुलाचं डोकं पुन्हा तासलं. मी हात धरला होता त्याचा. त्यानं सोडवून घेतला.

मग ती जागा सुजली. पिकलेल्या फळासारखी मऊ झाली आणि पू यायला लागला. पोराला उशीवर डोकं टेकवता येईना, मांडीवर पालथं पडून झोपायचं. तेव्हा कुठं आम्ही सूसला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "ट्यूब केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही. याला पोटातून गोळ्या लागतात, त्याही बरेच आठवडे. आधी आणलं असतं तर..." आणि त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

गोळ्यांनी दुखणं गेलं. पू थांबला, सूज उतरली. पण त्या जागी कातडी गुळगुळीत, चकचकीत राहिली. वर्ष उलटून गेलंय, एक लव नाही. बाई म्हणाल्या, तिथलं मूळच मेलंय, आता आशा धरू नका. पुतण्याला वेळेत गोळ्या मिळाल्या. त्याचे केस पूर्वीसारखे आले. त्याच्यावर राग धरावा तर तेही लेकरूच.

दीर एकदा येऊन गेले. चहा प्यायले, मुलाच्या डोक्याकडं बघायचं टाळून म्हणाले, "नशीब एकेकाचं." मी म्हटलं, "नशीब न्हाई भाऊजी, स्पिरिट." ते कप ठेवून उठले. त्यानंतर आमच्या दारात आले नाहीत. मशीन त्यांनीच नेलं होतं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात, असं कानावर येतं.

नवरा आता दुकानात सगळं करतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ब्लेडचं पाकीट फोडतो, मशीन पुसतो, फण्या औषधाच्या पाण्यात बुडवतो. टॉवरमधली मंडळी खूश आहेत. एकजण म्हणाला, "भैया, एवढं हायजिनिक सलून इकडे दुसरं नाही." नवरा घरी येतो, हातपाय धुतो. मी ताट वाढते. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि करीन असं मला वाटत नाही.

मधे भावकीत आणखी एक म्हातारा गेला. नवरा दहाव्याहून परतला तेव्हा मी दारातच विचारलं. "तेंच्याच मशीननं केलं समद्यांचं," तो म्हणाला.

"तुमी बोललात का?"

"बोललो. म्हनले, आबांच्या मागं तूच एक शाना उरलास व्हय?"

त्या दिवशी तिथं किती लेकरं बसली होती, ते मी विचारलं नाही.

मुलगा टोपी घालून शाळेत जातो. उन्हाळ्यातही. पोरं टोपी ओढतात. हल्ली तो घरी येऊन त्याबद्दल सांगत नाही. परवा सकाळी मी त्याच्या डोक्याला तेल लावत होते. त्या जागी बोट आलं की ते आपोआप हलकं होतं, हे त्यालाही कळतं. तो म्हणाला, "आई, आजोबांचं मशीन घाण व्हतं का गं?"

मी म्हटलं, "न्हाई रे. तुझे आजोबा लई साफ होते. ते मशीन तर मी स्वतः उकळलं होतं."

त्यानं टोपी हातात घेतली. मग म्हणाला, "मग मीच घाण व्हतो."

मी नाही म्हणाले. त्याला जवळ ओढून पुन्हा पुन्हा नाही म्हणाले. त्यानं समजूतदार माणसासारखं "बरं" म्हटलं, टोपी घातली आणि दप्तर घेऊन शाळेत गेला.