साडेपाचाची लाइन

जेवण झालंय, पंखा कुरकुरतोय आणि सोपान वॉलमन अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी पडलाय. तीस वर्षं गावाला पाणी सोडलेला माणूस. झोपसुद्धा त्याला वॉलची चाकी फिरवल्यासारखी येते, जरा जरा करून.

आज स्वारी खुशीत आहे. सकाळी सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "पोटातली रक्ताची मुख्य नळी दोन सेंटीमीटर रुंद असते. तुमची साडेपाच झालीय. चिठ्ठी देतो, उद्याच मिरजेला जा." साडेपाचाच्या पुढचं सोपानच्या कानात शिरलंच नाही. घरी येऊन बायकोला म्हणाला, "म्हाताऱ्यांच्या नळ्या चोंदत्यात. माझी बघ, मेन लाइन हाय." चिठ्ठी गेली हत्यारांच्या पिशवीत.

पंख्याचा आवाज पाण्याचा होतो. खाट आता टाकीच्या कठड्यावर आहे. शेजारी इमामभाई फिटर बसलाय, पाइपाच्या जोडाला लावायच्या सफेद्याचा डबा मांडीवर घेऊन. भाई जाऊन सहा वर्षं झाली, हे सोपानला ठाऊक आहे. पण तसं तोंडावर कसं म्हणायचं?

"भाई, माझी लाइन साडेपाचाची निघाली."

"टाकली कुणी?"

"आपोआप वाढली की."

"सोप्या, पाइप कधी आपोआप वाढतो का रं?"

जिना उतरलेच नाहीत, तरी दोघं बाजारात उभे आहेत. चहाच्या हाटेलातला रबरी पाइप मधेच भोपळ्यासारखा फुगलाय.

"ह्याचा मालक काय म्हणाला हुता?" भाई विचारतो.

"म्हणाला, पाणी जास्त मावतंय."

"आन मग?"

"सांजच्याला फुटला. भट्टी इझली."

सोपानचं हसू ओठावरच राहतं. "भाई, तुझी पाठ दुखत हुती तवा..."

"तू म्हणालास, गॅस हाय, ओवा खा."

"व्हय."

"खाल्ला की. रातीला माझी लाइन फुटली. राग न्हाई लेका. तवा तुला म्हाईत नव्हतं. आता हाय."

हाटेलाचं बाकडं गार पडतं. आता ते सोनोग्राफीचं टेबल आहे. भाई सफेद्यात अंगठा बुडवतो. लाइन जिथं फुटणार, तिथं हा माणूस आधीच ठिपका द्यायचा, आणि त्याचा ठिपका कधी चुकला नाही. सोपानच्या बेंबीच्या वर तो अंगठा टेकवतो.

"भ्या वाटतंय, भाई. पाणी चालू असताना लाइन बदलता येती का?"

"मोठ्या फिटरला येती. फुटल्यावर मातर कुणालाच येत न्हाई."

सोपान डोळे उघडतो. पंखा कुरकुरतोय. बनियन वर करतो, तर बेंबीच्या वर पांढरा ठिपका, अंगठ्याएवढा, ओला. सफेद्यातल्या जवसाच्या तेलाचा वास येतोय. त्याच्या स्वतःच्या डब्यातल्या सफेद्याचा तर कधीच दगड झालाय.

ठिपका तो पुसत नाही.

"अगं, माझी पिशवी आण हिकडं."

"आता आन कुठं लाइन फुटली?" बायको आतून विचारते.

"अजून न्हाई फुटली," सोपान म्हणतो. "आण लवकर."