डिलीट होता होता राहिलेला धवला

गेल्या आठवड्यात भिवंडीच्या आमच्या कॉलेजात लॅबची साफसफाई निघाली. सगळ्या कॉम्प्युटरवर 'प्रॅक्टिकल' नावाचं एक शेअर फोल्डर आहे... आत प्रॅक्टिकल सोडून सगळं. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर. जो तो पेनड्राइव्हमधून आणून टाकतो, जो तो घेऊन जातो.

लॅबचे सर कॉपीराइट समजावत होते. सीडी विकत घेतली की सीडी आपली, पण त्यातली गाणी वाटत सुटायचा हक्क आपला नाही, वगैरे. आम्ही माना डोलावत होतो आणि कुठली फाइल आधी वाचवायची ते मनात ठरवत होतो.

सर एकेक फाइल उघडून विचारायचे, "मालकाची परवानगी आहे?" नाही म्हटलं की डिलीट. मग एक नाव नसलेली फाइल लागली... आणि माझ्या अंगावर काटाच आला.

आत्याचा आवाज होता.

माझी आत्या अंबाडीजवळच्या गावात राहते. ती धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत धवले गाऊन लग्न लावणारी. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. मांडव नसताना धवला गायचा नाही ही आमच्यातली रीत, म्हणून घरात कुणी कधी रेकॉर्ड केलाच नव्हता, आणि मांडवाच्या गडबडीत कुणाला सुचलं नव्हतं. आता तिच्या सुलूचं लग्न ठरलंय आणि आईचा धवला लेकीच्याच नशिबात नाही, म्हणून सगळ्यांचा जीव तुटत होता.

मागून वर्गातला इम्रान म्हणाला, "तेरी बुआ है ना? तेरे भाई की शादी में मोबाइल पे लिया था. अच्छा लगा, तो डाल दिया."

सरांनी माउसवरचा हात काढला. "गाणाऱ्याचाही हक्क असतो. त्यांनाच विचारून ये, तोवर राहू दे."

रविवारी इम्रानला घेऊन आत्याकडे गेले. सगळं सांगितलं आणि मोठ्या हौसेने मोबाइल पुढे केला... तिने पटकन त्यावर हात ठेवला.

"मांडव न्हाय," ती कुजबुजली. "आता न्हाय ऐकायचा."

मी बघतच राहिले. वर्षभर जो आवाज गेला म्हणून ही बाई झुरली, तो समोर होता. नुसतं बटण दाबायचं होतं.

मग म्हणाली, "गाना माजा न्हाय, माज्या आयशीचा. आवाज माजा हाय. मांडव असंल तवाच लावा."

इम्रानने हळूच विचारलं, "बुआ, हमारी बाजी की शादी में भी मंडप लगेगा. तब लगाऊँ?" बाजी म्हणजे त्याची मोठी बहीण. आत्या हसली. आवाज न करता, पण पोटभर. मान हलवून हो म्हणाली.

सोमवारी सरांना तिची अट सांगितली. त्यांनी सीडी राइट करून दिली आणि फोल्डरमधली फाइल काढून टाकली. सीडी आता आत्याच्या देव्हाऱ्यात आहे.

हवं ते गाणं हव्या त्या क्षणी ऐकायची सवय लागलेली मी... मला हे झेपलंच नाही अजून. तिच्यापुढे नुसतं वाकावंसं वाटलं.

वैशाखात सुलूच्या मांडवात तिच्या आईचा धवला लागेल. आत्यासुद्धा तो तेव्हाच ऐकणार आहे.