काकांच्या चार कुप्या

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत रक्त मागायला मी स्वतःच दारोदार फिरले. आमच्या सरकारी संस्थेत प्लाझ्माची बायोबँक उभी करायचं काम माझ्याकडे आलं होतं. निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातला पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढायचा आणि लहान कुप्यांत भरून उणे ऐंशी अंशांवर ठेवायचा. पुढे आजारांवर संशोधन करणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. लोक लिफ्टमध्ये विचारत, "मॅडम, खून का करोगे क्या?" आणि मजला आला की निघून जात.

तिसऱ्या मजल्यावरचे काका मूळचे साताऱ्याचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी संमतीचा फॉर्म दोन दिवस ठेवून घेतला.

"'संशोधनासाठी' लिहिलंयस, पण कुणाच्या? या वाक्यात कर्ताच नाही."

"आमच्याच, काका. बाहेर काही जात नाही."

मला वरून तसंच सांगितलेलं होतं. "तू म्हणतेस म्हणून," असं म्हणत त्यांनी सही केली.

चार महिन्यांनी मी फ्रीझरमधले डबे तपासत होते. काकांच्या चार कुप्यांपैकी दोन जागेवर नव्हत्या. त्याच डब्यातल्या आणखीही काही जागा रिकाम्या होत्या. कॉम्प्युटरवर मात्र सगळ्या हजर.

माझा संशय थेट नव्या टेक्निशियनवर गेला. फ्रीझरची किल्ली तिच्याकडे असायची. मी ती काढून घेतली, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपू लागले. एकदा ती जेवायला गेली असताना तिची बॅगही उघडून पाहिली. डबा, ओढणी, मेट्रोचं कार्ड. आठवड्याने तीच समोर येऊन उभी राहिली.

"शक है तो सीधे पूछिए, मॅडम. कुप्या सर घेऊन गेले होते."

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांनी काहीच लपवलं नाही. गुरुग्रामच्या एका कंपनीला नवं मशीन तपासायला नमुने हवे होते. "नाम थोड़े ही दिए हैं, सिर्फ़ नंबर दिए हैं," ते म्हणाले. "फॉर्म में रिसर्च लिखा है ना?"

मी संस्थेच्या नैतिकता समितीला लेखी कळवलं. त्याच संध्याकाळी काकांकडे जाऊन सगळं सांगितलं.

"शंका होती मला," ते म्हणाले. "तुझ्यावर नव्हती, एवढंच."

उरलेल्या दोन कुप्या नष्ट करा, असं त्यांनी लिहून दिलं आणि ते होताना बघायला स्वतः आले. गेलेल्या दोन परत येणार नव्हत्या, त्या कंपनीत वापरून झाल्या होत्या. सरांना समज मिळाली, पद राहिलं. फ्रीझर उघडायला आता दोघांच्या सह्या लागतात, आणि फॉर्मवर वेगळा प्रश्न आहे: नमुना खाजगी कंपनीला दिलेला चालेल का?

टेक्निशियनची मी माफी मागितली, तिची बॅग उघडल्याचंही सांगितलं. "कोई बात नहीं," ती म्हणाली. पण पुढे कितीतरी दिवस घरी निघताना ती माझ्या टेबलापाशी थांबून बॅगेची चेन उघडायची, आणि मी दुसरीकडे बघत राहायचे.

नव्या फॉर्मवर पहिलं रक्त मी माझं दिलं. खाजगी कंपनीबद्दलचा तो प्रश्न मीच घालायला लावला होता. मी 'नाही'वर खूण केली.