डब्याच्या बुडावरची तीन अक्षरं

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे, नाहीतर माझं पोट फुटेल!

मी बदलापूरची, बेलवलीत राहते. मुंबईतल्या एका छोट्या म्युझियममध्ये परदेशी वस्तूंचं काम करते. म्हणजे एखादी वस्तू आपल्याकडे यायच्या आधी कुणाकुणाकडे होती ते शोधायचं आणि फॉर्म भरायचा. पहिलीच नोकरी! आणि पहिलीच वस्तू म्हणजे जपानी डबा, काळा, लाखेचा, झाकणावर सोनेरी बगळे. जुन्या रजिस्टरात मालकाच्या जागी नुसती रेघ. बुडाला पांढऱ्या रंगात तीन वाकडी अक्षरं. मी ठोकून दिलं, कारागिराची सही! जपानी शिकवणाऱ्या एका सरांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "हे जपानी नाही." बस, एवढंच.

मॅडम म्हणाल्या, "सोमवारी पाट्या छापायला जातायत. तोवर काही मिळालं नाही तर 'मालक अज्ञात' लिही."

माझा पहिलाच डबा आणि अज्ञात? छे!

शनिवारी आमच्या विहारातल्या कार्यक्रमासाठी कप आणायला उल्हासनगरला गेले. दुकानातल्या सिंधी अंकलनी खोका बांधला, उलटा केला आणि बुडावर स्केचपेनने काहीतरी गिरवलं. सेम टू सेम तसली अक्षरं!

"अंकल, हे काय?"

"दुकानाची निशाणी, बेटा. लोक दुसरीकडचा माल आमच्याकडे बदलायला आणतात ना! आम्हा सिंधी व्यापाऱ्यांची जुनी लिपी आहे, पप्पांनी शिकवली."

पप्पा मागेच खुर्चीत. नव्वदीचे. लहानपणी सिंधमधल्या हैदराबादेत वडिलांच्या दुकानात बसायचे. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो आधी उलटा फिरवला. (दोन आठवडे मी फोटो उलटाच बघत होते. मॅडमना सांगू नका.) आणि एकदम ओरडले,

"अरे, ये तो सामनेवाले का है!"

"कोण सामनेवाला, बाबा?"

"हैदराबाद में, हमारे सामने की दुकान! जपान का माल वही लाता था. महंगा बेचता था, चोर!"

"पप्पा, शांत व्हा. किती वर्षं झाली त्याला!"

"तो क्या हुआ?"

सोमवारी मॅडम म्हणाल्या, एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा नाही. बरोबरच आहे. डबा सिंधमधून मुंबईला कसा आला, तेही अजून माहीत नाही. पण पाटीवर 'अज्ञात' नाही आलं! 'बहुधा हैदराबाद, सिंध इथल्या दुकानातला. बुडावरची खूण उल्हासनगरच्या एका जुन्या व्यापाऱ्यांनी ओळखली,' असं छापलं.

मग उल्हासनगरचे ते बाबा स्वतः बघायला आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. काचेसमोर बराच वेळ उभे राहिले.

"ढक्कन ठीक बैठता है?"

"एकदम घट्ट, बाबा."

"हं. माल अच्छा था." जाता जाता वळून म्हणाले, "पर महंगा था."

तुमच्यासोबत झालंय का असं कधी? घरातलं एखादं जुनं भांडं उलटं केलंत आणि भलताच कुणी मालक निघाला? सांगा ना, पटकन!