हवालदार नाना आणि आमची पलटण

आम्ही तिघं भावंडं भेटलो की चहाला उकळी फुटायच्या आत नानांचा एक किस्सा निघतो. एक सांगावा तर त्याच्या शेपटीला दुसरा. बरं, प्रत्येकाकडचा माल वेगळा! नानांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण साठा काही संपत नाही.

नाना म्हणजे आमचे वडील. मूळ गाव भडगावकडचं, गिरणेच्या काठचं. सैन्यात हवालदार होते. सन ऐंशीच्या आसपास रिटायर झाले आणि जळगावला पिंप्राळ्यात तीन खोल्यांचं घर बांधून राहिले.

म्हणजे सैन्यातून रिटायर झाले. हवालदारकीतून नाही!

* * *

धुळ्याला मामेभावाचं लग्न होतं. जळगावच्या स्टँडवर आम्ही आणि काकांकडचे मिळून अकरा जण. नानांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे एका लाईनीत उभं केलं. पुढं राजू, माझा धाकटा भाऊ. सगळ्यात मागं उंच काका.

"बठ्ठा शेतस का?" नानांनी आवाज दिला. घाईत असले की त्यांची अहिराणी बाहेर यायची. सगळे आहेत का म्हणून त्यांनी मोजायला सुरुवात केली. अकरा हवेत, भरले चौदा! पुन्हा मोजले. सतरा!

नाना चक्रावले. रजेवर गेल्यानं पलटण कमी होते हे त्यांना माहीत होतं; उभ्या उभ्या वाढणारी पलटण ते पहिल्यांदाच बघत होते. शेवटी लाईनीच्या टोकाला गेले, तर काकांच्या मागं धोतरातले एक म्हातारबाबा, डोक्यावर गाठोडं.

"बाबा, तुम्ही कोणाकडचे?"

"साक्रीना."

"मग इथं कसे उभे?"

"लाईन दिखनी, उभा ऱ्हायनू!"

गाडी धुळ्यावरून साक्रीलाच जाणारी. ती लागली आणि स्टँडवरचं सगळं पब्लिक खिडकीतून रुमाल टाकायला धावलं. आमचे सतरा मात्र दारातून एकामागं एक चढले. कंडक्टर बघतच राहिला. नानांना म्हणाला, "भाऊ, रोज येत जा!"

* * *

मी आठवीत असताना आमच्या शाळेनं पंधरा ऑगस्टला नानांना पाहुणे म्हणून बोलावलं. मी आठ दिवस आधीपासून वर्गात शेखी मिरवत होते.

हेडमास्तरांनी नानांची ओळख करून द्यायला अर्धा तास घेतला. त्यात नानांचा पराक्रम इतका वाढत गेला, की नाना स्वतःच आश्चर्यानं ऐकत होते! ऊन चटके देत होतं. पाचवीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली.

नाना माईकपुढं आले. "मुलांनो, मी लढाईत टेलिफोनच्या तारा ओढायचं काम केलं. तुम्ही उन्हात उभे आहात. सावलीत जा, पाणी प्या. जय हिंद!"

भाषण संपलं! टाळ्या अशा पडल्या की शेजारच्या शाळेतली पोरं भिंतीवर चढून बघायला लागली.

मी मात्र घरी येऊन रुसले. "नाना, एक तरी शौर्याची गोष्ट सांगायची!"

नाना बुटाला पॉलिश करत होते. हात थांबला. "ज्यांच्या गोष्टी सांगायच्या ना बेटा, ते परत आले नाहीत," ते म्हणाले. मग ब्रश पुन्हा चालवत, "तुझे बूट आण इकडं."

* * *

ताईला बघायला यावलहून पाहुणे आले. मुलगा मास्तर. त्याचे वडील बागायतदार, येताना केळीचा अख्खा घड घेऊन आलेले. चहापोहे झाले आणि त्यांनी विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो ना?"

"येतो," नाना म्हणाले. "मुलाला?"

आईनं कपाळाला हात लावला. असं चांगलं स्थळ आता हातचं जाणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मुलाचे कान लाल झाले.

"मला... खिचडी येते."

"कसली?"

"तुरीच्या डाळीची. वरून कच्चं नाही, फोडणीचं तेल."

नाना ताईकडं वळले. "तुला काही विचारायचंय?"

ताईनं मान खालीच ठेवून म्हटलं, "तेलात लसूण घालतात का?"

"भरपूर!" मुलगा म्हणाला.

लग्न ठरलं.

* * *

रिटायर झाल्यावर नाना एका बँकेत गार्ड म्हणून लागले. खांद्यावर बंदूक, दारात खुर्ची. एक आजी पेन्शनसाठी खेड्यावरून यायच्या. मुलगा सैन्यात गेलेला, तो परत आला नव्हता. एका नोव्हेंबरात खिडकीवरच्या क्लार्कनं त्यांना सांगितलं, "हयातीचा दाखला आणा. तुम्ही जिवंत आहात, हे कागदावर पाहिजे."

आजी बिचाऱ्या दोनदा परत गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा नानांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, माठातलं पाणी दिलं. मग खिडकीसमोर जाऊन टाच आपटून उभे राहिले.

"साहेब, आजी आत्ता दोन ग्लास पाणी प्यायल्या. मी साक्षीदार आहे. मेलेलं माणूस पाणी पितं का?"

आतून मॅनेजर हसत बाहेर आले. दाखल्याचा फॉर्म बँकेतच होता! आजींचा अंगठा तिथंच घेतला, सही मॅनेजरांनी केली. आजी निघाल्या, तेव्हा नानांनी दार उघडून त्यांना कडक सॅल्यूट ठोकला.

क्लार्क कुरकुरला, "आम्हाला तर कधी करत नाही!"

* * *

नव्वदनंतर पिंप्राळ्यात साक्षरतेचा वर्ग निघाला. आईनं पन्नाशीत नाव घातलं. रोज संध्याकाळी नाना तिला स्कूटरवरून सोडायचे, पेन्सिलला टोक करून द्यायचे.

वाचता यायला लागल्यावर आईनं पेपर नाही उघडला. ट्रंक उघडली. नाना सैन्यात असताना त्यांनी गावी पाठवलेली सगळी पत्रं त्यात होती. तेव्हा ती आमच्या आजोबांच्या, आबांच्या नावानं यायची. आबा ओट्यावर बसून घरादाराला वाचून दाखवायचे आणि आई आत चुलीपाशी बसून ऐकायची.

एका रविवारी दुपारी आई एकेक अक्षर लावत वाचत होती. आम्ही भोवती. नानांना नेमकं तेव्हाच अंगणातल्या पेरूला पाणी घालायचं सुचलं.

"तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. कपिला गाय कशी आहे? वेळेवर खाते ना? तिला फार राबवू नका. तिला सांगा, दिवाळीला रजा मिळणार आहे."

दुसरं पत्र काढलं. त्यातही कपिला! तिसऱ्यात, चौथ्यात, सगळ्यांत कपिला!

राजू हसत सुटला. "नानांना गाईचा भारीच लळा!"

मी विचारलं, "आई, दिसायला कशी होती गं कपिला?"

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला.

"आपल्याकडं गाय कुठं होती? एक म्हैस होती, तीही मारकी." मग अंगणाकडं बघत म्हणाली, "आबा ती ओळ नेहमी दोनदा वाचायचे. मोठ्यानं. चुलीकडं तोंड करून."